समताताईचं उत्तर

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कवठपूरच्या शिवारात कापूस वेचायला खडकमाळच्या अकरा बाया टेम्पोत बसून आल्या. ओला कापूस मालकाला चालत नव्हता, म्हणून दव सुकेपर्यंत मुकादमीण सरस्वतीबाईनं त्यांना धुऱ्यावर बसवून ठेवलं. ऊन पाठीला लागायला लागलं तशा बाया कमरेला ओट्या बांधून उठल्या आणि एकेक ओळ धरून वाकल्या.

पंचशीलाच्या वाट्याला कडेची ओळ आली. डाव्या अंगाला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडं जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, एक व्हरांडा, दारात हापशी. तिनं तिकडं पाहिलं नाही. गेले चौदा महिने ती कुठल्याच शाळेकडं पाहत नव्हती.

बोंडं छान उललेली होती, पण त्यांची टोकं वाळून सुईसारखी झाली होती. नखांच्या कडेला टोचून रक्त निघे. कापसाला डाग पडू नये म्हणून ती बोट पदराला पुसून पुन्हा हात घाली.

अकराच्या सुमाराला शाळेतून आवाज आला.

"‘मांजर चुलीपाशी पहुडले होते.’ पहुडले म्हंजे काय? पहुडले म्हंजे निजलं. आमच्या घरचं मांजर राखीत निजते, अन् सकाळी उठलं का भुतावानी पांढरं दिसते."

पोरं खदखदून हसली.

"हासू नका. ज्याले नाही समजलं त्यानं हात वर करा."

पंचशीलाचा हात बोंडावर तसाच राहिला. समोरचा एक दात अर्धा तुटलेला असल्यामुळं ‘स’ म्हणताना बारीक शीळ निघायची, ती निघाली होती. समता होती ती. तिची पोरगी.

खडकमाळच्या सगळ्याच बायांनी ऐकलं. दोघी-तिघी समताच्या मातीला आलेल्या होत्या. एकीनंही दुसरीकडं पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना पऱ्हाटीत आणखी खाली गेल्या.

"पंचशीले, हात चालव वं," दोन ओळी पलीकडून सरस्वतीबाई म्हणाली. पण नेहमीचा दम त्या आवाजात नव्हता.

पंचशीला कुंपणाच्या तारेखालून वाकून गेली. तारेत पदर अडकला, तो ओढला तसा फाटला. भरलेली ओटी पोटाशी धरून ती शाळेच्या खिडकीपाशी उभी राहिली.

आत भिंतीवर मोठा टीव्ही होता. टीव्हीत समता. फिक्कट निळा शर्ट, गडद निळा फ्रॉक, हातात खडू. डावी वेणी सुटत आलेली. खाली पंचवीस-तीस पोरं पालथी मांडी घालून बसली होती आणि त्यातल्या दोघांनी टीव्हीकडं पाहत हात वर केले होते. समता थांबली होती. ती त्या दोघांकडंच पाहत होती.

मास्तरनं रिमोटनं व्हिडिओ थांबवला होता, हे पंचशीलाला उशिरा समजलं.

खिडकीत बाई पाहून मास्तर जवळ आला. तिशीतला, दाढी राखलेला. दीपक सर म्हणत त्याला.

"काय पाहिजे बाई? पाणी?"

"थे पोरगी..."

"ती? समताताई." तो हसला. "माझं ऐकत नाहीत, तिचं ऐकतात. त्यांच्याच बोलीत सांगते ना ती."

"कुठली हाय?"

"खडकमाळकडची. आमचा शिक्षकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, कोण कसं शिकवतो ते त्यावर टाकतो. तिच्या मॅडम तिचे व्हिडिओ टाकतात. पोरांनी प्रश्न विचारला की आम्ही आवाज भरून पाठवतो. ती उत्तर देते."

"उत्तर देते?"

"हो. परवाच दिलं."

पंचशीलानं खिडकीचा गज धरला. "आता कितवीत असन थे?"

"सहावीत असेल बघा. का हो, ओळखीची आहे का?"

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही. एक बुटकी पोरगी उठून खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या ओटीतला कापूस सांडून राह्यला."

*

त्या दिवशीचं सगळं पंचशीलानं संध्याकाळी चुलीपुढं नवऱ्याला सांगितलं. प्रेमानंद सेंटरिंगच्या कामावर जायचा. हातापायाला सिमेंट वाळलेलं होतं. तो दगडानं टाच घासत होता, ती घासायची थांबली.

"टीव्हीत?"

"हाव."

"बोलून राह्यलती?"

"बोलून राह्यलती. पोराईले शिकवून राह्यलती."

मागच्या पडवीत तानाबाई, प्रेमानंदची आई, बाजेवर बसलेली होती. मध्ये पत्र्याची भिंत होती, तरी तिला ऐकू गेलं. "दिसाले कशी व्हती वं?" तिनं तिकडून विचारलं.

प्रेमानंदनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आईशी तो चौदा महिन्यांत बोलला नव्हता.

मागच्या वर्षी भादव्यातल्या एका रविवारी समता शेततळ्यावर गोधड्या धुवायला घेऊन गेली होती. तळं काठोकाठ भरलेलं. आत काळं प्लास्टिक अंथरलेलं, त्याच्यावर शेवाळ. पाय सटकला तर धरायला काही नसतं. प्रेमानंदला कोणीतरी हाक मारली तेव्हा तो दोन वावरं पलीकडं होता. अंगावरच्या कपड्यांनिशी त्यानं उडी घेतली. खिशातला मोबाइल पाण्यात गेला. त्याच मोबाइलमध्ये समताचे होते नव्हते तेवढे फोटो होते. घरात तिचा एकही फोटो उरला नाही.

तिला काठावर निजवल्यावर प्रेमानंदनं फावड्याचा दांडा उचलला होता. "कोणं धाडलं तिले इकडं? कोणं धाडलं?" पंचशीला मातीत पडलेली होती. तानाबाई म्हणाली होती, "म्या धाडलं."

लोकांनी प्रेमानंदला धरलं. त्या दिवसापासून तानाबाईची बाज पडवीत गेली.

"सकाळी शाळेत जातो," प्रेमानंद म्हणाला. "मेलेल्या पोरीकून काम करून घेऊन राह्यले काय हे?"

*

निशिगंधा मॅडम चिखलीहून स्कुटीवर येत. सकाळी गेटपाशी दोघांना उभं पाहून त्यांनी स्कुटी उभी केली आणि हेल्मेट काढायचं त्या विसरल्या.

"तुमाले माहीत हाय आम्ही कायले आलो," प्रेमानंद म्हणाला.

त्यांनी दोघांना खोलीत नेलं, दार लोटून घेतलं. हेल्मेट काढलं तेव्हा केस घामानं कपाळाला चिकटलेले होते.

"मीच सांगायला यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "कितीदा निघाले. तुमच्या बोळापर्यंत आले आणि परत फिरले."

मग त्यांनी सांगितलं. समता चौथीत असताना त्यांनी एक प्रयोग सुरू केला होता. पुस्तकातलं वाक्य पोरीनं वाचायचं आणि घरच्या बोलीत त्याचा अर्थ सांगायचा. मॅडम फोनवर भरून घेत आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकत. तालुक्याच्या प्रशिक्षणात तो व्हिडिओ दाखवला. मग सोनाळ्याकडच्या शाळांनी मागितला, लोणारकडच्यांनी मागितला. ग्रुप मोठा झाला. मॅडमना इतर शिक्षकांना मार्गदर्शन करायला बोलावणी यायला लागली. पोरं समताला प्रश्न पाठवायची, समता वर्गात उभी राहून उत्तर द्यायची.

"अन् मेल्यावर?" प्रेमानंदनं विचारलं.

"तुमच्याकडून मातीहून घरी आले. फोन उघडला तर सोनाळ्याच्या एका वर्गाचा प्रश्न येऊन पडला होता. ‘ज्ञ’ कसा वाचायचा म्हणून. ती गेली असं लिहायचं होतं मला. बोटं चालेनात. ‘ज्ञ’चा तिचा व्हिडिओ माझ्याकडं आधीचाच भरलेला होता. तो पाठवून दिला. त्यांनी लिहिलं, समता बेटा, किती छान." मॅडमनी ओठ दाबले. "त्या दिवशी सांगितलं नाही, मग दुसऱ्या दिवशी कसं सांगायचं? महिन्यानं कसं सांगायचं?"

"म्हंजे चौदा महिने तुमी..."

"प्रश्न आला की तिच्या जुन्या व्हिडिओत शोधायचं. बसेल असं काहीतरी सापडतंच. त्रेसष्ट आहेत माझ्याकडं."

प्रेमानंद टेबलावर वाकला. "आज पुसून टाका सगळे. माह्या डोळ्यापुढं."

"थांबा," पंचशीला म्हणाली. इतका वेळ ती भिंतीवरच्या बाराखडीकडं पाहत होती. "म्या पाह्यले नाही अजून."

"कायले पाह्यतं?"

"घरात एक फोटू नाही तिचा." ती मॅडमकडं वळली. "मी कामाहून येत जाईन. मले रोज दाखवत जा. समदे पाह्यले का मंग पुसा."

 प्रेमानंद दार उघडून बाहेर पडला आणि गेटपाशी जाऊन नळाखाली डोकं धरून उभा राहिला.

*

पुढचे आठ-नऊ दिवस असे गेले. टेम्पो पाच वाजता फाट्यावर सोडी. बाया घराकडं वळत, पंचशीला शाळेकडं. कमरेत उसण भरलेली असे, बोटांना चिरा पडलेल्या. निशिगंधा मॅडम थांबलेल्या असत. वर्गात दोघीच. मॅडम फोन बाकावर टेकवून ठेवत आणि आपण दाराशी जाऊन बाहेर पाहत उभ्या राहत.

पंचशीला पाही. समता ‘पाऊस’ वाचते. समता गणित सांगते, बोटं कमी पडली म्हणून पायाची बोटं मोजते. समता खोकते. समता शेंबूड पुसते आणि मॅडम हसतात.

मधूनमधून पोरांचे प्रश्नही असत. कुठल्या कुठल्या गावची पोरं, चेहरे नाहीत, नुसते आवाज. पंचशीलाला तेच ऐकायला अवघड जाई. एका प्रश्नात बारीक आवाजाची पोरगी विचारत होती, "समताताई, तू आमच्या शाळेत कधी येशील?"

त्याच्याखाली समताचं उत्तर होतं. "येईन ना मी. पह्यले हा धडा संपवा."

पंचशीलानं मान वर केली. "हे तिनं कव्हा म्हटलं?"

"ते प्रेरणाला म्हणाली होती," मॅडम दाराकडूनच म्हणाल्या. "वर्गातली मैत्रीण. खेळायला घरी ये म्हणत होती ती. ‘धडा संपवा’ साऱ्या वर्गाला म्हटलेलं."

"अन् हे पाठवलं तुमी? मेल्यावर?"

"याच वर्षी. जूनमध्ये."

"त्या पोरीले काय वाटलं असन?"



वावरात वाकल्यावर पंचशीलाला आता समताचे शब्द ऐकू येऊ लागले. ती मनात विचारी, भूक लागली काय वं? उत्तर येई, पह्यले हा धडा संपवा. ती विचारी, थंडी वाजते काय? उत्तर येई, हात वर करा. त्रेसष्ट व्हिडिओत जेवढं होतं तेवढंच उत्तर येई, आणि तरी दर वेळी ते नेमकं बसे. एकदा ती मोठ्यानं "हाव" म्हणाली. शेजारच्या ओळीतली बाई हातातला कापूस तसाच धरून बाजूला सरकली.

"तू आजकाल कोणासंग बोलतं वं?" सरस्वतीबाईनं भाकरीच्या वेळी विचारलं. "बाया भेवून राह्यल्या. उद्याच्याले तुह्या बाजूची ओळ कोणी धरत नाही."

दुसऱ्या दिवशी खरंच तिच्या दोन्ही बाजूंच्या ओळी मोकळ्या राहिल्या.

नवव्या संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "एक राहिला. हा मी ग्रुपवर टाकलेला नाही. पाठ संपल्यावर फोन बाकावर चालू राहिला होता, त्यात आपोआप भरला गेला. शनिवारचा आहे."

"कोणता शनवार?"

"आदल्या दिवशीचा."

फोन तिरपा पडलेला असावा. वरचा पंखा दिसत होता आणि कोपऱ्यात समताचा अर्धाच चेहरा. ती दप्तर भरत होती.

मॅडमचा आवाज आला, "उद्या रविवार. काय करणार मग?"

"शेततळ्यावर जाणार हाय मी. आई म्हणे, तू गोधड्या घेऊन म्होरं जाय, मी मांगून येतो."

"एकटी जाऊ नकोस गं."

"एकटी कायची? आई येणार हाय ना मांगून."

मग समता खाली वाकली. अर्ध्याचा पूर्ण चेहरा झाला. "हे चालू हाय काय मॅडम?" तिनं हात पुढं केला. हाताचा पंजा मोठा होत होत आला आणि सगळं काळं झालं.

पंचशीला बाकावर बसून होती. डोळे कोरडे होते. फोनची काच विझली तेव्हा तीत तिचं तोंड दिसलं.

त्या रविवारी सोयाबीन निंदायला अर्ध्या दिवसाचं काम निघालं होतं. शेवटची अर्धी ओळ राहिली होती. सरस्वतीबाई म्हणाली होती, एवढी उरकून जाय. ती उरकून गेली. तळ्यावर पोचली तेव्हा गोधड्या मधोमध तरंगत होत्या आणि प्लास्टिकवरच्या शेवाळात वरपासून खालपर्यंत बोटांच्या रेघा होत्या.

कोणं धाडलं, असं प्रेमानंद ओरडला तेव्हा तिची जीभ टाळूला चिकटली होती. तानाबाई तिच्या आधी बोलली. आणि ती बोलली म्हणून पंचशीला गप्प राहिली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, महिनाभर, वर्षभर. पडवीतून म्हातारीच्या खोकल्याचा आवाज येई तेव्हाही गप्प राहिली.

"मले पोराईचं एक सांगा मॅडम," ती म्हणाली. "त्याईले अजून ती जित्ती वाटते?"

"हो."

"त्याईले खरं सांगा. आजच सांगा."

मॅडमनी तिच्या देखत लिहिलं. आपली विद्यार्थिनी समता मागच्या वर्षी गेली. मी तुमच्यापासून लपवलं. तिच्या नावानं मी उत्तरं पाठवत राहिले. मला क्षमा करा. इतकंच.  डोळे मिटून त्यांनी पाठवायच्या बटणावर अंगठा टेकवला.

"आता पुसू ना सगळे?"

"शेवटचा पुसू नका," पंचशीला म्हणाली. "बाकीचं तिच्या बापाले इचारून सांगतो."

*

ग्रुपवर दिवसभर कोणीच काही लिहिलं नाही. दोनशेच्या वर शिक्षक होते. सगळ्यांनी वाचलं होतं. फोन उघडला की ते मॅडमना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कवठपूरहून दीपक सरांचा फोन आला. मॅडम तशाच कानाला फोन धरून खडकमाळच्या बोळात, प्रेमानंदच्या घरी आल्या आणि त्यांनी स्पीकर लावला. सरांना खिडकीतली बाई आठवली होती, ती समताची आई हे मॅडमनी त्यांना सांगितलं होतं.

"मी पोरांना सांगितलं," फोनमधून सर म्हणत होते, "तर ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, मेली तर मागच्या आठवड्यात आपल्याशी कोण बोललं? धाकटी पोरं टीव्हीच्या खोलीत पाय ठेवत नाहीत. एकीला ताप भरला. मी मेलेल्या पोरीशी बोलले म्हणते. तिच्या आजीनं लिंबू उतरवून शाळेच्या दारात टाकलं. बाई, मी त्यांना काय सांगू? तुम्ही येता का?"

"येतो," पंचशीला म्हणाली.

"मीबी येतो," प्रेमानंद म्हणाला. "तिथल्या टीव्हीतून पुसलं का नाही, थे मले पाहाचं हाय."

सकाळी तो तिला मोटारसायकलवर घेऊन निघाला. अमडापूरपर्यंत धुकं होतं. वाटेतली वावरं पांढरीच पांढरी दिसत होती, कापूस कुठं संपतो आणि धुकं कुठं लागतं ते कळत नव्हतं.  

शाळेच्या दारात पिळलेलं लिंबू आणि कुंकू पडलेलं होतं. दीपक सरांनी पोरांना व्हरांड्यात बसवलं होतं. प्रेमानंद आतल्या खोलीत टीव्हीपाशी गेला. पंचशीलाला सरांनी पोरांपुढं फळ्याजवळ उभं केलं. पदर दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली. पोरं एकटक तिच्याकडं पाहत होती. पुढच्या रांगेत पहिलीची धाकटी होती. समोर उभा असेल त्याच्या मागून म्हणायचं, एवढंच त्यांना शाळेत येऊन पाच महिन्यांत शिकवलेलं होतं.

"मी समताची आई हाय," पंचशीला म्हणाली.

"मी समताची आई हाय," पुढची रांग म्हणाली.

"अरे, म्हणायचं नाही, ऐकायचं," दीपक सर म्हणाले.

"समता मेली," पंचशीला म्हणाली.

 मग एक बारकं पोरगं पुटपुटलं आणि त्याच्या मागं बाकीची ओढली गेली. "समता मेली."

"शेततळ्यात बुडून मेली."

"शेततळ्यात बुडून मेली." आता मागच्या रांगाही म्हणत होत्या. सर पुढं झाले, पण पंचशीलानं हातानं त्यांना थांबवलं. कोणीही एकट्यानं तळ्यावर जाऊ नका, एवढंच सांगायचं असं ती वाटभर घोकत आली होती. ते तोंडात आलंच नाही.

"तिले म्या धाडलं व्हतं," ती म्हणाली.

"तिले म्या धाडलं व्हतं."

तीस पोरांचा एक आवाज. तो व्हरांड्याच्या पत्र्याला लागून आत गेला. टीव्हीच्या खोलीत काहीतरी खाली पडलं. रिमोट असावा.

"मी मांगून येतो म्हटलं, अन् गेलो नाही."

"मी मांगून येतो म्हटलं, अन् गेलो नाही."

खोलीच्या दारात प्रेमानंद उभा होता. पोरांच्या पाठी त्याच्याकडं होत्या. पंचशीलाचं तोंड त्याच्याकडं होतं. ती बोलायची थांबली, तशी पोरंही थांबली.

मग मागून एकीनं हात वर केला. कापूस सांडतोय असं सांगणारी तीच बुटकी पोरगी. "मंग आमच्यासंग कोण बोललं?"

"थे जुनं बोलणं हाय बाई. ती जित्ती व्हती तव्हाचं. फोनात भरून ठेवेल व्हतं." पंचशीला खाली बसली, त्यांच्या उंचीला आली. "भेवू नका. ती कोणाले भेव दाखवत नाही. तिलेच अंधाराचं भेव वाटे. निजताना दिवा चालू ठेवा लागे आमाले."

पोरीनं हात खाली केला. "मंग तिचा ‘मांजर’वाला पुसून टाकसान काय?"

पंचशीलानं दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

*

प्रेमानंद मोटारसायकलपाशी होता. ती येऊन मागं बसेपर्यंत त्यानं मान वळवली नाही. आठ कोसांची वाट. खड्ड्यात गाडी उसळली की ती त्याच्या खांद्याला न धरता मागचं लोखंड धरी. एकदा वाटलं, तो गाडी नाल्यात घालतो. त्यानं घातली नाही. ऊन चढलं होतं आणि धुक्याचा मागमूसही नव्हता.

घरी तानाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. प्रेमानंद सरळ तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. त्याची सावली सुपावर पडली तशी तिनं वर पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस कळे, चेहरा कळत नसे.

"माय," तो म्हणाला.

म्हातारीचे हात थांबले.

"तुवं काऊन म्हटलं, म्या धाडलं म्हून?"

तानाबाईनं पंचशीलाच्या बाजूला मान फिरवली. ती कुठं उभी आहे ते तिला श्वासावरून कळलं असावं.

"सांगतलं काय इनं?"

"हाव."

"तुह्या हातात दांडा व्हता. थे मातीत पडेल व्हती." म्हातारी शेंगेतला दाणा बोटांनी चाचपत राहिली. "मले तू मारलं नसतं. अन् मारलं असतं तरी म्या किती जगाचं?"

प्रेमानंद खाली बसला. सिमेंटनं फाटलेले हात त्यानं मांडीवर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडंच पाहत राहिला. पंचशीला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तो आता उठेल, ओरडेल, काहीतरी उचलेल, असं तिला वाटत होतं. उठावं असंही वाटत होतं. तो उठला नाही. त्याच्या पाठीतून कसलासा आवाज निघाला, घशातून नव्हे, पाठीतून, आणि म्हातारीनं हात पुढं करून चाचपडत त्याचं डोकं शोधलं.

ऊन कलल्यावर तो बायकोकडं न पाहता म्हणाला, "थो कोणता हाय? ज्याच्यात ती तळ्याचं सांगते. मॅडम काल म्हणत व्हत्या, शेवटचा हाय एक."

"हाय."

"दाखव मले."

"अजून शाळा सुटाची हाय."

"सुटू दे."

तानाबाईनं सूप बाजूला सरकवलं आणि भिंत धरून उठली. "मीबी येतो. दिसन नाही मले, पण आयकू तं येईन."

तिघं बोळातून निघाली. प्रेमानंद पुढं, मागं म्हातारीचा हात धरून पंचशीला. लोक ओट्यांवरून पाहत होते. सरस्वतीबाई दारात उभी होती. शाळा सुटली तेव्हा पोरं त्यांना वळसा घालून पळाली. निशिगंधा मॅडम व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी काही न विचारता खोलीचं कुलूप उघडलं, फोन काढून टेबलावर ठेवला.

तानाबाईनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. आत आली आणि हवेत हात पसरून उभी राहिली.

"पोरगी कोठं बसत जाय?"

मॅडमनी तिचं मनगट धरून तिला तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या बाकापाशी नेलं. म्हातारीनं बाकावर तळहात फिरवला, वाकून गुडघे दुमडले आणि त्या लहानशा बाकावर अंग चोरून बसली.

"लावा आता," ती म्हणाली.